प्रौढांमधील अनुबंध आणि भावनिक बुद्धिमत्ता : पुसद परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात पूस नदीच्या काठी वसलेल्या पुसद गावाच्या आसमंतात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. ह्या तांड्यांत विवाह ठरलेल्या मुलीस ‘ढावलो’ शिकविण्याची परंपरा आहे. ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या मुलीने आप्तांच्या गळ्यात पडून गावयाचे रुदनगीत. आई, बाप, भाऊ, काकी, मैत्रीण ह्यांपैकी प्रत्येकाला उद्देशून ती आपल्या नात्याचा उल्लेख करिते आणि त्याच्यापासून दुरावण्याचे दुःख शब्दांत मांडते. निरोपाच्या अखेरच्या क्षणी शृंगारलेल्या बैलाच्या पाठीवर उभे राहून ‘हवेली’ गाण्याचीही चाल परंपरेने चालत आली आहे. ही गीते मुलीला जन्मतः येत नाहीत. तांड्यातील जाणत्या स्त्रिया ती तिला शिकवितात. अलीकडे विवाहविधी आटोपशीर झाल्यामुळे ही प्रथा क्षीण होत चालली असली, तरी तिच्यातील आशय मानसशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावा असा आहे. कोणापासून दुरावताना काय वाटते आणि ते कसे बोलावे, ह्याचे शिक्षण एक समाज आपल्या मुलींना देतो, असा त्याचा अर्थ होतो.

ह्याच परिसरातील दुसरे चित्र ह्याच्या अगदी उलट आहे. पावसाने दगा दिला, कापसाचे पीक हातचे गेले, देणे वाढले, तरी घरात वा ओट्यावर चकार शब्द न काढणारा शेतकरी गावोगाव आढळतो. ‘काही नाही, बरं आहे’ ह्यापलीकडे त्याचे उत्तर जात नाही. लोक त्याला खंबीर म्हणतात. बहुधा तोही स्वतःला तसेच समजतो.

ह्या दोघांपुढे प्रचलित मानसशास्त्रीय प्रश्नावली ठेवली, तर काय निष्पन्न होईल? विरहाच्या कल्पनेने व्याकूळ होणारी मुलगी ‘चिंताग्रस्त’ ठरण्याचा आणि मौन धरणारा गृहस्थ ‘स्थिरवृत्ती’चा ठरण्याचा संभव आहे. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतील. ते का चुकीचे ठरू शकतात, हे समजण्यासाठी प्रौढांमधील अनुबंध आणि भावनिक बुद्धिमत्ता ह्यांचा परस्परसंबंध तपासणे आवश्यक आहे. भावनिक बुद्धिमत्ता ही उंची वा वजन ह्यांसारखी व्यक्तीच्या एकटीच्या मालकीची वस्तू नसून ती नात्यांत घडते आणि नात्यांतच टिकते, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

२. अनुबंध : संज्ञा आणि उपपत्ती

प्रथम संज्ञेविषयी. ज्या मानसिक बंधाचा येथे विचार करावयाचा आहे, त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. लळा, माया, ओढ, जिव्हाळा हे सारे शब्द त्याच्या निरनिराळ्या छटा व्यक्त करितात. त्यांत ‘लळा’ हा शब्द विशेष अर्थवाही होय. कारण लळा लावणारा आणि लळा लागलेला असे दोन पक्ष त्यात गृहीत आहेत. ‘आसक्ती’ हा शब्दही सुचण्यासारखा आहे. परंतु अध्यात्मपर वाङ्मयात आसक्ती ही त्याज्य मानिली असल्याने तो शब्द योजिल्यास एका नैसर्गिक गरजेला दोषाचे रूप येते. म्हणून येथे ‘अनुबंध’ ही संज्ञा स्वीकारली आहे. विशिष्ट व्यक्तीशी जडलेला, संकटात तिच्याकडे धाव घ्यावयास लावणारा आणि तिच्या विरहाने व्यथित करणारा दीर्घकालीन भावबंध, असा तिचा अर्थ समजावा.

अनुबंधाची उपपत्ती ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–१९९०) ह्यांनी मांडिली. दुसऱ्या महायुद्धानंतर निराधार झालेल्या मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिद्ध केलेला अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. मूल आईला बिलगते ते ती दूध पाजते म्हणून, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. १९५८ मधील आपल्या निबंधात बोल्बी ह्यांनी तिला आव्हान दिले. सान्निध्याची गरज ही भुकेपासून उद्भवलेली नसून ती स्वतंत्र आणि जीवरक्षणास उपयुक्त अशी प्रवृत्ती आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच वर्षी अमेरिकेत हॅरी हार्लो ह्यांनी माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दूध देणारी तारेची ‘आई’ आणि दूध न देणारी मऊ कापडाची ‘आई’ ह्यांपैकी पिले आपला बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. बोल्बी ह्यांच्या विचाराला ह्या निरीक्षणाने बळकटी आली. पुढे १९६९, १९७३ आणि १९८० साली निघालेल्या तीन खंडांत ही उपपत्ती पूर्ण रूपास आली.

ह्या उपपत्तीनुसार अनुबंधाची व्यक्ती दोन कार्ये करिते. भय वा दुःख प्राप्त झाले असता ती आश्रयस्थान होते आणि भय नसताना ती आधारस्थान होते. म्हणजे तिच्या भरवशावर मूल दूरवर जाऊन जगाचा शोध घेते. अशा वारंवारच्या अनुभवांतून मुलाच्या मनात दोन प्रश्नांची उत्तरे हळूहळू पक्की होतात. मी हाक मारली तर कोणी ओ देईल काय, हा पहिला प्रश्न; आणि ओ द्यावी इतकी माझी योग्यता आहे काय, हा दुसरा. ह्या उत्तरांनाच बोल्बी ह्यांनी अंतस्थ प्रतिमान मानिले.

ह्या उपपत्तीचा पहिला क्षेत्रीय पुरावा युरोपातील शहरांतून न येता आफ्रिकेतील खेड्यांतून आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) ह्यांनी १९५४–५५ मध्ये युगांडातील कंपाला शहराजवळच्या खेड्यांत माता व अर्भके ह्यांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण केले. नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे त्यांनी ‘अपरिचित प्रसंग’ ही सुमारे वीस मिनिटांची प्रयोगपद्धती विकसित केली. तीत सुमारे एक वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत आईपासून थोडा वेळ दूर ठेवितात आणि ती परतल्यावर ते कसे वागते हे पाहतात. आईला पाहताच तिच्याकडे जाऊन लवकर शांत होणारे मूल सुरक्षित. तिच्याकडे पाठ फिरविणारे परिहारी. आणि बिलगूनही न शमणारे, रागाने तिला दूर लोटणारे ते द्विधा, असे तीन प्रकार त्यांना आढळले. कोणत्याही एका रीतीत न बसणाऱ्या विस्कळित अनुबंधाचा चौथा प्रकार पुढे मेरी मेन आणि ज्यूडिथ सॉलोमन ह्यांनी दाखवून दिला.

३. प्रौढ वयातील अनुबंध

अनुबंध बालपणी संपत नाही. त्याच्या व्यक्ती बदलतात आणि रूप बदलते. प्रौढांच्या अनुबंधाचा अभ्यास दोन भिन्न मार्गांनी झाला. पहिला मार्ग मुलाखतीचा. १९८५ च्या सुमारास कॅरोल जॉर्ज, नॅन्सी कॅप्लन आणि मेरी मेन ह्यांनी सिद्ध केलेल्या मुलाखतीत प्रौढ व्यक्तीला तिच्या बालपणातील नात्यांविषयी विचारितात. परीक्षण मात्र बालपण सुखाचे होते की दुःखाचे ह्याचे नसून ते सुसंगतपणे सांगता येते की नाही ह्याचे असते. ज्याला दुःखदायक बालपणही समतोलाने आणि बारकाव्यानिशी सांगता येते, तो सुरक्षित गणला जातो. ‘माझी आई फार प्रेमळ होती’ एवढे बोलून ज्याला एकही प्रसंग आठवत नाही, त्याचा अनुबंध सुरक्षित मानिला जात नाही.

दुसरा मार्ग प्रश्नावलीचा. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर ह्यांनी एका अमेरिकन वृत्तपत्राच्या वाचकांकडून उत्तरे मागविली आणि त्यांचे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातील ६२० व्यक्तींपैकी सुमारे ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के परिहारी आणि १९ टक्के चिंताग्रस्त गटात आल्या. १९९१ साली किम बार्थोलोम्यू आणि लिओनार्ड होरोविट्झ ह्यांनी स्वतःविषयीची व इतरांविषयीची प्रतिमा ह्यांच्या आधारे चार प्रकार कल्पिले. १९९८ पासून प्रचारात आलेल्या ३६ विधानांच्या मापनश्रेणीने प्रकारांऐवजी दोन परिमाणे मान्य केली : चिंता आणि परिहार. दोन्ही कमी असणे म्हणजे सुरक्षितता.

ही दोन परिमाणे म्हणजे दुःखाला तोंड देण्याच्या दोन रीती होत. चिंता अधिक असलेली व्यक्ती आपली हाक अधिकाधिक मोठी करिते. कारण लहान हाकेला ओ मिळेल असा तिला भरवसा नसतो. परिहार अधिक असलेली व्यक्ती हाक मारणेच सोडून देते. कारण हाक मारून उपयोग नाही असे ती शिकलेली असते. दोन्ही रीती कोणत्या तरी काळी कोणत्या तरी घरात उपयुक्त ठरलेल्या असतात. परिस्थिती पालटल्यावरही त्या सुटत नाहीत, हा त्यांतील दोष आहे.

४. भावनिक बुद्धिमत्ता

सामाजिक बुद्धिमत्तेची कल्पना थॉर्नडाइक ह्यांनी १९२० मध्येच मांडिली होती. तथापि भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय व्याख्या पीटर सालोव्हे आणि जॉन मेयर ह्यांनी १९९० साली केली आणि १९९७ मध्ये तिला सुधारित रूप दिले. ह्या रूपानुसार तिची चार अंगे आहेत. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे हे पहिले. विचारकार्यात भावनेचा उपयोग करून घेणे हे दुसरे. एका भावनेतून दुसरी कशी उद्भवते, भावना मिश्र कशा होतात हे समजणे तिसरे. आणि भावनांचे नियमन करणे चौथे. नियमन म्हणजे दमन नव्हे, हे येथे आवर्जून सांगावयास हवे. आलेला राग गिळणे हे दमन होय. तो कशामुळे आला हे जाणून त्याला योग्य वेळी योग्य वाट देणे हे नियमन होय.

डॅनियल गोलमन ह्यांच्या १९९५ मधील ग्रंथाने ही कल्पना लोकप्रिय झाली; परंतु जीवनातील यशाविषयी त्या निमित्ताने जे दावे सर्वत्र झाले, ते उपलब्ध पुराव्याच्या फार पुढे गेलेले होते. अभ्यासकाच्या दृष्टीने मापनाचा भेद अधिक महत्त्वाचा आहे. क्षमतेची कसोटी घेताना चेहऱ्याचे चित्र वा एखादा प्रसंग पुढे ठेवून प्रत्यक्ष कार्य करावयास सांगतात. मेयर, सालोव्हे आणि कारुसो ह्यांची २००२ मधील १४१ पदांची कसोटी ह्या वर्गातील आहे. निवेदनपर श्रेणीत ‘मला माझ्या भावना समजतात’ अशा विधानांशी व्यक्ती किती सहमत आहे एवढेच पाहतात. शुट्टे व त्यांच्या सहकाऱ्यांची १९९८ मधील ३३ विधानांची श्रेणी ह्या वर्गात मोडते. ह्या दोन प्रकारच्या गुणांकांत आढळणारा सहसंबंध अल्प असतो. स्वतःविषयीचे मत आणि प्रत्यक्ष क्षमता ह्या दोन निराळ्या गोष्टी असल्याचा हा पुरावा आहे. ज्याला आपल्या भावना समजत नाहीत, त्याला त्या समजत नाहीत हेही समजणे कठीण असते.

५. दोहोंमधील संबंध

अनुबंध आणि भावनिक बुद्धिमत्ता ह्यांत संबंध असावा, अशी अपेक्षा कोणत्या कारणाने करावयाची? मूल रडते तेव्हा त्याला केवळ एक अनामिक अस्वस्थता जाणवत असते. ‘भूक लागली का?’, ‘घाबरलास का?’, ‘ताई गेली म्हणून वाईट वाटलं?’ असे म्हणून आई त्या अस्वस्थतेला नाव देते आणि ती सुसह्य करिते. नाव देणे हा ओळखण्याचा आरंभ होय. सुसह्य होणे हा नियमनाचा आरंभ होय. भावनिक बुद्धिमत्तेची पहिली आणि चौथी अंगे अशा रीतीने अनुबंधाच्या प्रसंगांतूनच रुजतात. पीटर फोनागी, मिरियम स्टील व हॉवर्ड स्टील ह्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, प्रसूतीपूर्वी घेतलेल्या आईच्या मुलाखतीवरून तिचे मूल वर्षभराने सुरक्षित गटात येईल की नाही ह्याचे अनुमान सुमारे तीन चतुर्थांश बाबतींत बरोबर आले. जी माता आपल्या मनाकडे पाहू शकते, ती मुलाच्या मनाकडेही पाहू शकते, असा त्याचा अन्वयार्थ लाविला जातो.

प्रौढांविषयीचा प्रत्यक्ष पुरावा देणाऱ्या संशोधनांत कॉन्स्टँटिनोस काफेत्सिओस ह्यांचे २००४ मधील संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. १९ ते ६६ वर्षे वयाच्या २३९ प्रौढांना त्यांनी क्षमतेची कसोटी दिली. भावना ओळखण्याचे अंग वगळता सुरक्षित अनुबंधाचा इतर अंगांशी आणि एकूण गुणांकाशी धन संबंध आढळला. ही गोष्ट अपेक्षेप्रमाणेच होती. अनपेक्षित गोष्ट अशी की, परिहारी वृत्तीचा संबंध भावना समजण्याच्या क्षमतेशी धन निघाला. म्हणजे नात्यांपासून अंतर राखणाऱ्या व्यक्तीला भावनांचे ज्ञान नसतेच असे नाही. पुष्कळदा ते चांगले असते. परंतु ते ज्ञान दुरून पाहणाऱ्याचे असते. दुसऱ्याच्या अथवा स्वतःच्या दुःखाची कारणपरंपरा तिला अचूक सांगता येईल. ते दुःख घेऊन कोणाकडे जाणे मात्र तिला जमणार नाही.

अशा शांततेच्या आड काय असते, ह्यावर मेरी डोझियर आणि रॉजर कोबॅक ह्यांच्या १९९२ मधील प्रयोगाने प्रकाश पडला. अनुबंधविषयक मुलाखत चालू असताना त्यांनी त्वचेची विद्युत्वाहकता मोजली. आईबापांपासूनचा विरह, त्यांनी केलेला अव्हेर अशा प्रश्नांना, भावना बाजूस सारण्याची रीत अंगवळणी पडलेल्या व्यक्तींनी शांतपणे उत्तरे दिली. पण त्यांच्या त्वचेची वाहकता वाढत गेली. शब्द एक सांगत होते आणि देह दुसरेच सांगत होता.

नियमन हे एकट्याचे कार्य नाही, ह्याचा पुरावा जेम्स कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिला. १६ विवाहित स्त्रियांना सौम्य विद्युत्धक्क्याची सूचना देऊन मेंदूतील प्रतिक्रिया तपासल्या असता, पतीचा हात हाती असताना भयसूचक प्रतिक्रिया मंदावलेल्या आढळल्या. अनोळखी माणसाच्या हाताने तेवढा परिणाम झाला नाही. ज्या दांपत्यांत समाधान अधिक होते, तेथे हा परिणामही अधिक होता. नमुना लहान असला तरी दिशा स्पष्ट आहे : ज्याला विश्वासाचे माणूस आहे, त्याला आपल्या भावनांचा भार एकट्याने पेलावा लागत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली अशी की, बहुतेक संशोधने एकाच वेळी घेतलेल्या मापनांवर आधारलेली असल्याने त्यांतून सहसंबंध कळतो, कार्यकारणभाव नव्हे. दोन्ही मापने निवेदनपर असतील, तर स्वतःविषयी बरे बोलण्याच्या प्रवृत्तीमुळेही हा संबंध फुगतो. दुसरी अशी की, बालपणीचा अनुबंध म्हणजे ललाटलेख नव्हे. प्रतिकूल बालपण लाभूनही ज्यांना पुढे सुरक्षितता प्राप्त झाली, अशा प्रौढांची नोंद संशोधनात ‘अर्जित सुरक्षितता’ ह्या नावाने झाली आहे. समंजस जोडीदार, मायेची आजी अथवा समुपदेशक ह्यांच्या सान्निध्यात प्रतिमान पालटू शकते.

६. माहेर, तांडा आणि अनुबंधाचे अनेक आधार

हे सारे संशोधन बव्हंशी पाश्चात्य नगरांतील आहे. ते महाराष्ट्रास लावताना कोणती दृष्टी ठेवावी? मराठी समाजात प्रौढ अनुबंधाची एक संस्थाच अस्तित्वात आहे. तिचे नाव माहेर. आश्रयस्थान आणि आधारस्थान ही बोल्बी ह्यांची दोन्ही कार्ये ह्या एका शब्दात सामावली आहेत. नागपंचमी, दिवाळी, भाऊबीज, पहिले बाळंतपण ह्या निमित्तांनी विवाहित स्त्री आधारस्थानाकडे परत येते आणि पुनः सासरच्या जगात जाते. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून संकलित झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरील ओव्यांत आई, भाऊ, लेक आणि माहेर हे विषय पुनःपुन्हा येतात. पहाटेच्या अंधारात दळताना गायिलेली ओवी ही भावनेला नाव देण्याची आणि तिचे नियमन करण्याची एक रीतच होती. ती बहुधा दोघींनी मिळून अनुसरावयाची होती. जात्याच्या खुंट्यावर दुसरीचा हात असे. जाते गेले, तशी ती रीतही बव्हंशी गेली.

ढावलोकडे ह्याच दृष्टीने पाहावयास हवे. विधीतील रुदनावरून एखाद्या मुलीच्या अंतःकरणाची प्रत्यक्ष अवस्था ठरविता येत नाही, हे खरे. परंतु प्रत्येक नात्याचे दुःख निराळे असते, ते निराळ्या शब्दांत सांगावयाचे असते आणि ते ज्याचे त्याला ऐकवावयाचे असते, एवढे शिक्षण त्या विधीतून निश्चित मिळते. भावना ओळखणे, समजणे आणि तिला वाट देणे ही अंगे तेथे एकत्र आली आहेत. अशा व्याकुळतेला चिंताग्रस्ततेचा शिक्का मारणे म्हणजे शिक्षणाला विकृती समजणे होय.

भारतीय कुटुंबातील बालसंगोपनाची बहुकेंद्रितता ही दुसरी महत्त्वाची बाब. सुधीर कक्कर ह्यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात भारतीय बालपणाचे मनोविश्लेषण केले. सुसान सेमूर ह्यांनी भुवनेश्वर येथील कुटुंबांचा १९६० च्या दशकापासून दीर्घकाळ अभ्यास करून मूल अनेकींच्या हाती कसे वाढते ते दाखविले. आजी, काकी, आत्या, थोरली बहीण ह्या सर्व अनुबंधाच्या व्यक्ती असू शकतात. कामाच्या शोधात हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत तर मुले कित्येकदा महिनोन्‌महिने आजीजवळ राहतात. तथापि ह्यावरून अनुबंधाची उपपत्ती येथे लागूच पडत नाही, असा टोकाचा निष्कर्ष काढू नये. व्हॅन आयझेंडोर्न आणि क्रूनेनबर्ग ह्यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा देशादेशांमधील तफावतीपेक्षा एकाच देशातील तफावत सुमारे दीडपट निघाली. पुसद आणि बाल्टिमोर ह्यांतील भेदाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, भेद पुसदमधील दोन घरांत असू शकेल.

७. मापनाचे प्रश्न

ह्या विवेचनातून पदव्युत्तर संशोधकापुढे काही व्यावहारिक प्रश्न उभे राहतात. अनुबंधाच्या प्रचलित श्रेणींतील विधाने मुख्यत्वे प्रणयी जोडीदाराविषयी असतात. वडीलधाऱ्यांनी ठरविलेल्या विवाहात नुकत्याच पदार्पण केलेल्या स्त्रीने ‘जोडीदाराला माझ्या मनातील सर्व सांगणे मला अवघड जाते’ ह्या विधानाशी सहमती दर्शविली, तर तो परिहार नसून केवळ नवखेपणा वा मर्यादा असू शकेल. तिचे मन मोकळे होण्याचे ठिकाण आई, बहीण वा जाऊ हे असेल, आणि प्रश्नावलीने त्याविषयी विचारलेलेच नसेल. ह्या दृष्टीने फ्रेली व त्यांच्या सहकाऱ्यांची २०११ मधील नऊ विधानांची श्रेणी अधिक सोयीची आहे. कारण तीच विधाने आई, वडील, जोडीदार, मित्र ह्यांच्याविषयी पृथक्‌पणे विचारिली जातात. तीत भाऊ, सासू, आजी ह्यांची भर घालून तिचे प्रमाणीकरण करणे हा एक स्वतंत्र संशोधनविषय होऊ शकेल.

दुसरा प्रश्न भाषेचा. पुसद परिसरात प्रमाण मराठी, वऱ्हाडी आणि बंजारा समाजाची गोरमाटी बोली एकत्र नांदतात. ‘मला असुरक्षित वाटते’ हे वाक्य पुस्तकी मराठीत शुद्ध असले, तरी ओट्यावर ते कोणी उच्चारीत नाही. तेथे जिवाची घालमेल होते, मन लागत नाही, काळजात कालवाकालव होते, जीव टांगणीला लागतो. ह्या शब्दप्रयोगांत देह आणि भावना विलग नाहीत. भाषांतर व प्रतिभाषांतर एवढ्यावर न थांबता स्थानिक स्त्रीपुरुषांकडून विधानांचा अर्थ वदवून घेणे अगत्याचे आहे. तिसरा प्रश्न एकांताचा. सासूच्या देखत भरलेली प्रश्नावली सुनेची नसते, ती घराची असते.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, भावनिक बुद्धिमत्तेच्या गुणांकासोबत ‘दुःखाच्या वेळी आपण प्रथम कोणाकडे जाता, आणि मागील खेपेस प्रत्यक्ष गेला होता काय?’ हा साधा प्रश्न विचारला जावा. क्षमता किती ह्याबरोबर ती कोणाच्या संगतीत कार्य करिते, हे कळल्याशिवाय गुणांक अपुरा राहतो.

८. मौनाचा प्रश्न

ह्या अपुरेपणाचे परिणाम केवळ शास्त्रीय नाहीत. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले आहे. ह्या शोकांतिकेची कारणे कोरडवाहू शेती, कर्ज, शेतमालाचे भाव आणि लहरी पाऊस ह्यांत खोलवर रुजलेली आहेत. त्यांच्या जागी व्यक्तीच्या भावनिक उणिवा दाखविणे हा अन्याय होईल. परंतु आर्थिक संकट सारखेच असताना कोणी आपले दुःख बोलून दाखवितो आणि कोणी ते गिळून बसतो, एवढ्या भेदाचा विचार मानसशास्त्राने केलाच पाहिजे. मौन धरणाऱ्यास भावना समजत नाहीत असे नाही, हे काफेत्सिओस ह्यांच्या निष्कर्षांवरून दिसते. आणि त्याला काही वाटत नाही असेही नाही, हे डोझियर व कोबॅक ह्यांच्या निरीक्षणावरून दिसते. तो कसोटीत उत्तीर्ण होईल आणि मदतीच्या यादीतून मात्र गळेल.

अशा माणसापर्यंत पोचता येते, ह्याचा दाखला विदर्भातच आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा सामुदायिक मानसिक आरोग्याचा उपक्रम राबविण्यात आला. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोकांशी साधलेला संपर्क हा ह्या उपक्रमाचा पाया होता. मौन धरणारा मनुष्य हाक मारण्यास शिकेपर्यंत वाट न पाहता, हाक ऐकणारा माणूसच त्याच्या दारी पोचविणे, असे त्याचे वर्णन अनुबंधाच्या परिभाषेत करता येईल. ज्याची हाक बालपणापासून विरून गेली आहे, त्याला ‘बोला, मोकळे व्हा’ असा नुसता उपदेश करणे व्यर्थ आहे. ओ मिळते असा अनुभव आधी यावा लागतो. हाक त्यानंतर येते.

९. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. सुरक्षित अनुबंध आणि भावनिक बुद्धिमत्ता ह्यांत धन संबंध आहे; परंतु तो सर्व अंगांशी सारखा नाही. भावनेचे ज्ञान आणि भावना घेऊन दुसऱ्याकडे जाण्याचे धैर्य ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि केवळ पहिलीचे मापन करणारी कसोटी ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच निरोगी ठरविण्याचा धोका पत्करिते. उलटपक्षी, दुःख मोकळेपणी आणि सुसंस्कृत रीतीने व्यक्त करणाऱ्यांना तीच कसोटी दुर्बल ठरवू शकते. पुसदसारख्या परिसरात, जेथे एका बाजूस रुदनाचेही रीतसर शिक्षण देणारी परंपरा आहे आणि दुसऱ्या बाजूस मौनालाच पुरुषार्थ मानणारी वृत्ती आहे, तेथे ह्या दोन्ही चुका एकाच प्रश्नावलीतून घडू शकतात. म्हणून ढावलोचे शब्द, शिकविणाऱ्या स्त्रियांच्या स्मृती आणि विधीचा क्रम ह्यांची नोंद करण्याचे कार्य लोकसाहित्याच्या अभ्यासकांवर सोपवून मानसशास्त्राने स्वस्थ बसू नये. तांड्यातील वृद्ध स्त्रियांना तो शिकविता येतो तोपर्यंतच त्याचा अभ्यास शक्य आहे.